बॅगांनंतर उरेल ते

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात
आकाश महाग होतं.
सकाळी किलोमागे एकशे दहा होतं,
दुपारच्या चहाला पिंटोचा अंधेरीहून फोन : एकशे नव्वद,
आणि वर, "हो म्हणा लवकर, मॅडम, जागा जाईल."

जागा म्हणजे विमानाच्या पोटातली.
वर माणसं, खाली त्यांच्या बॅगा,
आणि बॅगांनंतर उरेल ते आमचं.

यंदा मोहर तीनदा आला,
फळ मात्र सगळ्यांचं एकदमच तयार झालं,
देवगडपासून श्रीवर्धनपर्यंत,
जणू कातळाखालून कुणी एकच घंटा वाजवली.
विमानं तेवढीच.
आंबा थांबत नाही, विमान वाढत नाही,
आणि या दोघांच्या मध्ये
नाचण्याच्या पॅकहाउसमधलं माझं टेबल,
एक पंखा, दोन फोन,
मागे गरम पाण्याची टाकी,
अठ्ठेचाळीस अंशांवर तासभर बुडालेले आंबे,
आणि काट्यावरून नजर न हलवणारा टेकबहादुर.

तोडल्यापासून फळ रोज थोडं हलकं होतं.
भाडं मात्र बुकिंगच्या वजनाचं.
हे मुकादमांना समजावताना
मला दरवर्षी लाज वाटते.

मी हो म्हणाले. दोहामार्गे लंडन, नव्वद पेट्या.
पाष्टेचा ट्रक साडेपाचला निघाला,
कशेडीच्या अलीकडे त्याचं टायर बसलं,
तरी तो वेळेत पोचला.
(पाष्टे वेळेत पोचतो.
उशीर नेहमी पोचल्यानंतर होतो.)

त्याच रात्रीच्या त्याच विमानानं
माझा भाऊ विनेश चालला होता,
एसी दुरुस्तीच्या नोकरीवर, सुट्टी संपवून.
आईनं बॅग भरली :
सुकट तीन पिशव्यांत बांधून, आमसुलं, कुळथाचं पीठ,
आणि खाली, लुंगीत गुंडाळून, दोन डझन हापूस.
मुकादमांनीच दिलेले, "पोराला असूदे" म्हणून.
चेन लागेना.
मी गुडघा रोवून बसले बॅगेवर,
तेव्हा लागली.
तीस किलोंची मुभा, भरली साडेएकतीस.
काउंटरवरच्या मुलीनं वास ओळखला म्हणे,
आणि जाऊ दिलं.

पहाटे चार दहाला पिंटोचा मेसेज :
'चोवीस पेट्या ऑफलोड. पॅसेंजर बॅगेज जास्त.'

मी अंथरुणात बसून तो परत परत वाचला.
विमानात तीनशे माणसं असतील,
त्यातली निम्मी दापोलीची, खेडची, राजापूरची,
आणि प्रत्येकाच्या बॅगेवर
कुणीतरी गुडघा रोवलेला.

पुढची जागा परवा. तीही 'बघू'.
शेडमध्ये पेट्या कुठे ठेवल्यात,
सावलीत की दारापाशी,
हे पिंटोला माहीत नाही,
त्याच्या माणसाला माहीत नाही.
परवापर्यंत देठाजवळ पिवळं चढेल,
आणि मग लंडनला नाही, वाशीला.

दुपारी विनेशचा फोटो आला.
खोलीत आठ जण, जमिनीवर वर्तमानपत्र,
त्यावर साली, आणि एक मल्याळी पोरगा
डोळे मिटून बाठा चोखतोय.
मी नकळत हिशोब मांडला :
सहा किलो, गुणिले एकशे नव्वद,
अकराशे चाळीस रुपये.
हे भाडं कुणी भरलं नाही.
किंवा मुकादमांनी भरलं.
कागद उलटा करून ठेवला.

संध्याकाळी मुकादमांचा फोन.
पूर्णगडला रेंज धड नसते,
आवाजात मध्ये मध्ये खाडी शिरते.
"बाय, पोचला काय आपला आंबा?"
"चोवीस फळं पोचली," मी म्हणाले.
"चोवीस पेट्या? आणि बाकीच्या?"
"बाकीच्या पुढे गेल्या," मी म्हणाले,
आणि तेही खरंच होतं.
ते खूश झाले. म्हणाले, "दर काय ता नंतर बघू,
उद्याला आणखी चाळीस काढतो, जागा धरून ठेव."

टेकबहादुरनं टाकीचं झाकण उघडलं.
वाफेत त्याचा चेहरा थोडा वेळ दिसेना.
मी दुसरा फोन उचलला.
पिंटो म्हणाला, दोनशे दहा.